मरीन टँकचं खारं पाणी: कालवायचं कसं, मोजायचं कसं

घरात मरीन टँक, म्हणजे समुद्री जिवांचा खाऱ्या पाण्याचा टँक, आला की पहिला प्रश्न स्वयंपाकघरातून येतो. "मीठच घालायचंय ना? मग डब्यातलं घे की! एवढं महागाचं परदेशी मीठ कशाला?" आमच्याकडे तो सासूबाईंनी विचारला. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला माशांच्या दुकानात नाही, माहेरी मिळालं होतं. माझं माहेर उरणकडचं. आजोबांचं आयुष्य मिठागरावर गेलं.

मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात आणि उन्हावर आटवत आटवत एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सोडतात. किती आटलं ते बोमे अंशांत मोजतात. समुद्राचं पाणी साधारण ३ ते ३.५ अंशांचं. १३ अंशांच्या पुढे गेलं की त्यातलं कॅल्शियम जिप्सम होऊन तळाशी बसायला लागतं. २५ च्या सुमाराला खरं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, धरतं. आणि ३० अंशांच्या आसपास उरलेलं कडवट पाणी काढून टाकतात, कारण त्यात मॅग्नेशियम असतं. ते मिठात उतरलं तर मीठ कडू लागतं आणि त्याला पाणी सुटतं. म्हणजे मिठागरातली सगळी हुशारी कॅल्शियम मागे ठेवण्यात आणि मॅग्नेशियम फेकून देण्यात आहे. टँकमधल्या गोगलगायींना, कोरलला, दगडावर चढणाऱ्या जांभळ्या शेवाळाला नेमकी हीच दोन द्रव्यं लागतात. मीठ जाडं असो, बारीक असो, सैंधव असो, ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आयोडीन हा मुद्दाच नाही, आयोडीन नसलेलं मीठही इथे निरुपयोगी आहे.

एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ च्या आसपास. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं. त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. पाणी कमी खारं असो वा जास्त, या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण खुल्या समुद्रात जवळपास सगळीकडे तेच निघालं. आपल्या छंदाचा पाया हाच आहे. प्रमाण ठरलेलं आहे म्हणून आपण फक्त एक आकडा, म्हणजे एकूण क्षारता मोजून बाकीचं गृहीत धरू शकतो. पण ही सवलत पिशवीतलं मीठ खरोखर समुद्राच्या प्रमाणात बनवलेलं असेल तरच. डब्यातलं मीठ विरघळवूनही मीटरवर ३५ येईल. मीटरला काय, तो बिचारा ३५ च दाखवणार.

"मग समुद्राचंच पाणी आणा की," हा पुढचा प्रश्न. मुंबईच्या किनाऱ्यावरून? नको. वरळीला आणि वांद्र्याला शहराचं सांडपाणी समुद्रात सोडणारे बोगदे आहेत, खाड्यांमधून येणारं वेगळंच, आणि पावसाळ्यात किनाऱ्याच्या पाण्याची क्षारता घसरते ती आणखी वेगळी. कोकणात ओळखीच्या होडीवाल्याकडून, पावसाळा सोडून, लांब आतलं पाणी मिळत असेल तर ते उत्तम. फक्त ते ठाण्याच्या तिसऱ्या मजल्यावर दर आठवड्याला कोण चढवणार?

गोडं पाणी आधी

खाऱ्या पाण्यात ९६ टक्क्यांहून जास्त गोडं पाणी असतं, आणि लोक घोळ घालतात तो इथेच. आमच्या नळाचं पाणी मऊ आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण) शंभराच्या आत. पण टीडीएसचा मीटर 'किती' ते सांगतो, 'काय' ते सांगत नाही. त्यात क्लोरीन असतं, थोडं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट असतं आणि इमारतीच्या जुन्या नळांमधून काय काय येतं ते देव जाणे. सिलिकेट-फॉस्फेटने टँकभर तपकिरी-हिरवं शेवाळ माजतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर बोलायलाच नको, टीडीएस सहज पाचशेच्या पुढे असतो.

म्हणून आरओ-डीआय. म्हणजे गाळाचं फिल्टर, कार्बन, आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी रेझिन. रेझिन रंग बदलणारं घ्या, संपलं की दिसतं. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ० हवा. २-३ दिसायला लागला की रेझिन बदला. कार्बन वेळेवर बदलायचा, कारण क्लोरीन पुढे गेलं की मेम्ब्रेन खराब होतं, आणि खर्च मेम्ब्रेनचाच मोठा. वरच्या टाकीच्या प्रेशरवर आरओ नीट चालत नाही, बूस्टर पंप लागतो. एक बादली चांगलं पाणी मिळताना दोन-तीन बादल्या वाया जातात. ते पाणी आमच्याकडे लादी पुसायला आणि संडासात जातं, गटारात नाही.

आता सगळ्यात जास्त विचारलं जाणारं: "घरी पिण्याच्या पाण्याचा आरओ आहे, तोच चालेल का?" बहुतेक वेळा नाही. या मशिनांमध्ये चव यावी म्हणून तीनपैकी एक तरी गोष्ट असते. टीडीएस वाढवणारा नॉब असतो, तो नळाचं पाणी परत आत मिसळतो; किंवा मिनरल काडतूस असतं; किंवा हल्लीचं फॅड म्हणजे तांब्याचं काडतूस. तांबं माणसाला चांगलं असेल-नसेल, कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना ते विष आहे. मासे एकवेळ तगतील, हे जीव तगत नाहीत. तीच गोष्ट एसीतून टपकणाऱ्या पाण्याची. दिसायला डिस्टिल्ड वाटतं, टीडीएसही कमी दिसतो, पण ते तांब्या-अॅल्युमिनियमच्या जाळीवरून ओघळून आलेलं असतं. झाडांना घाला.

नुसते मासे ठेवणारे पुष्कळजण नळाचं पाणी क्लोरीन मारायचं औषध घालून वापरतात आणि त्यांचे मासे जगतात, हे मी पाहिलंय. त्या औषधाने क्लोरीन जातं, बाकी सगळं तिथेच राहतं. कोरल ठेवायचं असेल तर हा विचार सोडून द्या.

सामान

माझा टँक ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरचा. हिशोबाने १८२ लिटर. पण काच, वर सोडलेली जागा, वाळू आणि दगड वजा केले की पाणी १४०-१५० लिटरच बसतं. तुमच्या टँकमध्ये खरं पाणी किती ते पहिल्यांदा भरताना मोजून भिंतीवर लिहून ठेवा, पुढचे सगळे हिशोब त्यावर चालतात.

पाणी कालवायला ६० लिटरचं निळं पिंप, झाकणासकट. नवीन घ्या. भंगारवाल्याकडचं स्वस्त पिंप घेऊ नका, त्यात आधी कुठलं रसायन होतं ते त्यालाही माहीत नसतं. पिंपाला आतून लिटरच्या खुणा करायच्या, त्याही बादलीवर छापलेल्या आकड्यांवर विसंबून नाही. गोडं पाणी एक लिटर म्हणजे जवळजवळ एक किलो. वजनकाट्यावर ५ किलो पाणी घ्या, ओता, खूण करा, परत ओता. एकदाच करायचं काम आहे.

पाणी फिरवायला छोटा पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा पंप. कूलरचा पंप स्वस्त मिळतो, पण त्याच्या आत धातूचा दांडा असेल तर खाऱ्या पाण्यात गंजतो. पुण्या-नाशिकला थंडीत हीटर लागेल, आमच्याकडे लागत नाही. ग्रॅमचा काटा हवाच. एक मग, एक नळी आणि एक कापड फक्त या कामाचं. आमच्या कामाच्या मावशींना मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय की निळं पिंप आणि निळा मग यांना साबण लावायचा नाही, फिनेल लागलेला हात लावायचा नाही. त्या त्याला 'माशांचं सोवळं' म्हणतात.

आणि वीज. ज्या सॉकेटवर पंप लावता त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं, यात गंमत नाही.

कालवणं

आधी पाणी, मग मीठ. उलटं कधीच नाही. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी क्षणभर इतकं दाट द्रावण होतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून चुना होऊन बसतात. पाणी पांढुरकं होतं आणि कितीही ढवळलं तरी निवळत नाही. निवळलं तरी ते कॅल्शियम पिंपाच्या तळाशी गेलेलं असतं.

मिठाची पिशवी किंवा डबा उघडण्याआधी आडवा करून लोळवा. प्रवासात जड-हलके कण वेगवेगळे थर धरतात. वरचं मीठ एका वेळी आणि तळाचं दुसऱ्या वेळी वापरलं तर दोन वेळचं पाणी एकसारखं होणार नाही. परवडत असेल तर एका वेळी एक पूर्ण छोटी पिशवी संपवा, ते सगळ्यात बरं.

प्रमाण पिशवीवर लिहिलेलं असतं. वेगवेगळ्या कंपन्यांचं एका लिटरला साधारण ३६ ते ४० ग्रॅम. ३५ ग्रॅम का नाही, तर मिठाच्या कणांमध्ये बांधलेलं पाणीही असतं, त्याचंही वजन होतं. कपाने मोजू नका. दमट मीठ कपात वेगळं बसतं आणि कोरडं वेगळं.

माझी रीत अशी. ६० लिटर हवं असेल तर आधी ५७ लिटर आरओ-डीआय पाणी भरते. पंप चालू. ३८ ग्रॅमच्या हिशोबाने ६० लिटरचं मीठ, २२८० ग्रॅम, मुठीमुठीने पंपाच्या झोतात सोडते. एकदम ओतायचं नाही. या वेळी पाणी हवं त्यापेक्षा किंचित खारट असतं. पूर्ण विरघळलं, मोजलं, की उरलेलं गोडं पाणी थोडं थोडं घालून ३५ वर आणायचं. खारट पाणी सौम्य करणं मगभर पाण्याचं काम आहे. कमी पडलं तर परत काटा, परत मीठ, परत वाट पाहणं. स्वयंपाकाच्या अगदी उलट.

किती वेळ ढवळायचं, हे मिठावर आहे. काही मिठं अर्ध्या तासात काचेसारखी स्वच्छ होतात, काहींना रात्रभर लागतं. आणि काहींवर स्पष्ट लिहिलेलं असतं की काही तासांपेक्षा जास्त फिरवू नका, कारण त्यांच्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) मुद्दाम जास्त ठेवलेली असते आणि फार फिरवलं, फार तापवलं की ती खाली बसते. म्हणून "चोवीस तास ढवळाच" हा सरसकट सल्ला मला पटत नाही. पिशवी वाचा. पाणी स्वच्छ दिसतंय, तळाशी कण नाहीत, टँकच्या तापमानाला आलंय, म्हणजे २५-२६ अंशांच्या आसपास, की झालं.

मोजणं

वर सांगितलेलं सगळं थोडं चुकलं तरी टँक सांभाळून घेतो. १५० लिटरच्या टँकमधलं १५ लिटर पाणी काढून त्या जागी चुकून ३७ चं घातलं तर टँक ३५ वरून ३५.२ वर जातो. माशाला कळतही नाही. पण मीटरच चुकत असेल तर? समजा तुमचा मीटर ३ ने कमी दाखवतो. तुम्ही दर आठवड्याला अगदी काटेकोर '३५' चं पाणी घालता, जे खरं ३८ चं आहे. दहा वेळा बदललं की टँक ३७ च्या जवळ पोचलेला असतो आणि मीटर ३४ दाखवत असतो. मग तुम्हाला वाटतं क्षारता कमी पडतेय, आणि तुम्ही आणखी मीठ वाढवता. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: महागाचं मीठ घेण्याआधी मीटर खरा आहे का ते बघा.

आकडे आधी समजून घेऊ. क्षारता पीपीटीत मोजतात, म्हणजे हजार भागांत किती भाग क्षार. समुद्राची ३५. दुसरा आकडा विशिष्ट गुरुत्वाचा, दुकानात 'एसजी' म्हणतात. ३५ पीपीटीचं पाणी २५ अंशांना १.०२६४, म्हणजे व्यवहारात १.०२६. दुकानदार "बावीस ठेवा, चोवीस ठेवा" म्हणतात ते १.०२२ आणि १.०२४. ते २२ पीपीटी समजून कुणी पाणी कालवलं तर कठीणच. नुसते मासे असतील तर १.०२२ वर काही लोक ठेवतात, मीठ कमी लागतं. कोरल, कोळंबी, तारामासा यांच्यासाठी ३५ सोडून इकडे-तिकडे जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

साधनांमध्ये सगळ्यात स्वस्त तो प्लास्टिकचा, आत काटा हलणारा हायड्रोमीटर. काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा वर जातो, वाळलेलं मीठ बसलं की खाली. वापरायचाच तर पाणी हळू भरा, टिचकी मारून बुडबुडे घालवा आणि वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा. काचेचा तरंगणारा हायड्रोमीटर मात्र साधा असूनही फार भरवशाचा. त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही, फक्त फुटतो. उंच भांड्यात सोडायचा, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि काठाशी चढलेलं पाणी सोडून सपाट पातळीवर वाचायचं. तो कोणत्या तापमानासाठी बनवलाय ते आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. त्याच तापमानाच्या पाण्यात मोजा.

बहुतेकांकडे असतो तो रिफ्रॅक्टोमीटर, दुर्बिणीसारखा. पाणी प्रकाश किती वाकवतं त्यावरून तो क्षारता दाखवतो. कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला सहज मिळतो. काच आरओ पाण्याने धुवून मऊ कापडाने पुसा. नमुन्याचे दोन-तीन थेंब, वरून झाकण, आत बुडबुडा नको. अर्धा मिनिट थांबा, म्हणजे थेंब आणि काच एका तापमानाला येतात. 'एटीसी', म्हणजे तापमानाचा फरक आपोआप जुळवणारा, असं लिहिलेलं असलं तरी थांबा. उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे आहे ते वाचा. झालं की पुन्हा धुवा, नाहीतर मीठ वाळून काच धुरकट होते.

याच्यात एक मेख आहे. यातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर मुळात साध्या मिठाच्या पाण्यासाठी, म्हणजे लोणची-चीजवाल्यांसाठी बनवलेले असतात आणि वर नाव समुद्राच्या पाण्याचं छापलेलं असतं. बाहेरून फरक कळत नाही. असा मीटर आरओ पाण्यावर बरोबर ० ला लावला तरी खऱ्या ३५ च्या समुद्री पाण्याला सुमारे ३६.५ दाखवतो. तुम्ही तो ३५ दाखवेपर्यंत पाणी सौम्य करणार आणि टँक प्रत्यक्षात ३३.५ वर ठेवणार. तेव्हा ० वर लावून भागत नाही. जिथे मोजायचंय तिथेच, म्हणजे ३५ वर लावायचा. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन सोल्यूशन बाटलीत मिळतं. त्याचे थेंब टाका, स्क्रू फिरवून सीमा ३५ वर आणा. बाटलीचं झाकण घट्ट हवं. उघडी राहिली की आतलं पाणी उडतं आणि ३५ चं ३७ होतं.

सोल्यूशन मिळत नसेल तर इथे मात्र स्वयंपाकघरातलं मीठ कामाला येतं, सासूबाईंना सांगायला बरं. नवीन फोडलेल्या पाकिटातलं कोरडं बारीक मीठ ७३ ग्रॅम, त्यात आरओ-डीआय पाणी १९२७ ग्रॅम, एकूण बरोबर दोन किलो. पाणीही वजनानेच. हे ३.६५ टक्क्यांचं द्रावण प्रकाश तितकाच वाकवतं जितका ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी वाकवतं. रिफ्रॅक्टोमीटर यावर ३५ ला लावा. दोन किलो एवढ्यासाठी की घरच्या काट्याची एका ग्रॅमची चूक अर्ध्या पीपीटीच्या आत राहावी. हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी आहे. हायड्रोमीटर घनता मोजतो, पेनसारखा मीटर वीजवहन मोजतो, त्यांना वेगळ्या प्रमाणाचं लागतं. आणि हे टँकमध्ये ओतायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगते.

वीजवहन मोजणारे डिजिटल मीटर सोयीचे आहेत. ३५ पीपीटीला २५ अंशांवर ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर यायला हवेत. टोकाला बुडबुडा किंवा चिकटा असला की हेही फसतात. त्यांनाही महिन्यातून एकदा त्यांच्या सोल्यूशनवर तपासा. पिण्याच्या पाण्याचा स्वस्त टीडीएस पेन मात्र इथे चालणार नाही, त्याची मजल फार आधी संपते.

क्षारता जमली की नवीन पाण्याची अल्कलिनिटी एकदा बघून घ्या. समुद्राची ७ डीकेएचच्या (हे अल्कलिनिटीचं माप) आसपास असते, पण मिठाच्या ब्रँडप्रमाणे ती ७ पासून १२ पर्यंत कुठेही असते. टँक ८ वर असताना १२ चं पाणी भरपूर प्रमाणात बदललं तर कोरल नाराज होतात. नवीन डबा उघडला की कॅल्शियम (लिटरला ४००-४५० मिलिग्रॅम) आणि मॅग्नेशियमही (१३०० च्या जवळपास) एकदा तपासावं. दर वेळी नाही तपासलं तरी चालतं.

कमी-जास्त झालं तर

पिंपात ६० लिटर आहे आणि मीटर ३३ दाखवतोय. २ पीपीटी कमी, म्हणजे लिटरमागे २ ग्रॅम, एकूण १२०, वर बांधलेल्या पाण्याचे दहा टक्के धरून १३० ग्रॅम. मगात पिंपातलंच पाणी घेऊन त्यात विरघळवून घाला. ३७ दाखवत असेल तर ६० गुणिले ३७ भागिले ३५ म्हणजे ६३.४, साडेतीन लिटरला जरा कमी गोडं पाणी. पिंपात जागा नसेल तर आधी तेवढं खारं पाणी काढून घ्या.

हीच दुरुस्ती टँकमध्ये करायची असेल तर घाई नको, दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त नाही. टँकमध्ये कोरडं मीठ टाकायचं नाही, एक कणही नाही. क्षारता वाढवायची तर पाणी बदलताना थोडं खारट पाणी घाला.

टँकची क्षारता बिघडवणारं खरं कारण मीठ नसतं, ऊन असतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. १५० लिटरमधलं ४ लिटर उडालं की ३५ चं ३६ होतं. एप्रिल-मेमध्ये थंडाव्यासाठी टँकवर पंखा लावला की हे दोन-तीन दिवसांत होतं. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं आरओ-डीआय पाणीच घालायचं. खारं घातलं तर दर वेळी मीठ वाढत जाईल. काचेवर पातळीची खूण करा आणि रोज सकाळी तेवढं भरा. गावाला जाणारे असाल तर पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप घ्या. शेजाऱ्यांना किल्ली देऊन जायचं असेल तर गोड्या पाण्याच्या बाटल्या मोजून, तारखा लिहून ठेवा आणि खाऱ्या पाण्याचं पिंप कुलुपात. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की पाणी फारसं उडत नाही. उन्हाळ्याच्या सवयीने ओतत राहिलात तर पातळी खुणेच्या वर जाते आणि क्षारता घसरते.

साठवण

पावसाळा मिठालाही सोडत नाही. उघडी पिशवी आठवड्यात दगड होते. दमट मीठ वजनाला जास्त भरतं, म्हणजे काट्यावर ३८ ग्रॅम असलं तरी त्यात मीठ कमी आणि ओल जास्त. शिवाय ओल लागलेल्या गोळ्यांमध्ये कॅल्शियम आणि कार्बोनेट आधीच एकत्र येऊन चुना होतात आणि तो मग विरघळत नाही. थोडं घट्ट झालेलं, हाताने मोडणारं मीठ मी वापरते. हातोडी लागत असेल तर टाकून द्यावं, माझं मत. मिठागरावर आजोबा मे संपायच्या आत राशी शाकारून घ्यायचे. आम्ही जून लागायच्या आत मीठ रबरी कडीच्या डब्यात भरतो.

कालवलेलं पाणी झाकून काही आठवडे चांगलं राहतं, आपल्या मिठाची कंपनी तासांची मर्यादा घालत नसेल तर. वापरण्याआधी तासभर पंप फिरवा आणि परत मोजा, कारण झाकणातूनही थोडं उडतं. पिंपाच्या आतून पांढरा थर धरला तर व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिडने सोडवा आणि भरपूर धुवा.

नवीन मासा आणताना

इतकं सगळं मोजून माणसं नवीन मासा आणतात आणि पिशवीतलं पाणी मोजायला विसरतात. दुकानात क्षारता बरेचदा कमी ठेवलेली असते, कधी १.०१८, कधी १.०२०. घरी आल्यावर आधी पिशवी टँकवर तरंगत ठेवा, मग पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरखाली घ्या. फरक १-२ पीपीटीचा असेल तर फार सोपस्कार नकोत. जास्त असेल तर माशासाठी वेगळी छोटी काचपेटी दुकानाच्याच क्षारतेवर तयार ठेवावी आणि तीन-चार दिवसांत चढवत न्यावी. माशाला खाली उतरणं सोपं जातं, वर चढणं अवघड. कोळंबी, गोगलगाय आणि तारामासा यांना दोन्ही अवघड. त्यांना बारीक नळीने, सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने टँकचं पाणी देत राहा, पिशवीतलं पाणी मोजत राहा, दोन्ही आकडे जुळले की जाळीने किंवा पेल्याने जीव उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी मात्र बेसिनमध्ये ओतून द्या. दुकानात रोगावर तांब्याचं औषध घातलेलं असू शकतं, ते मीटरवर दिसत नाही.